नकाशा किती मीटरने चुकतो, तेही त्यावर छापा

गोवा सरकारच्या भूमी अभिलेख, नगर नियोजन, वन, जलस्रोत आणि किनारी विभाग व्यवस्थापन पाहणाऱ्या खात्यांच्या प्रमुखांस,

स. न. वि. वि.

किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा १:२५,००० या प्रमाणात काढतात. त्यावर भरतीरेषा म्हणून अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ मारली, तर जमिनीवर ती रेघ साडेबारा मीटर रुंद होते. २०१९च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने भरतीचे पाणी चढणाऱ्या नद्या-खाड्यांच्या काठाला जो पट्टा ठेवला आहे, तो ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यातला जो कमी असेल तो. नकाशावर हे ५० मीटर म्हणजे दोन मिलिमीटर. त्यातला पाव हिस्सा नुसती रेघच खाते. कोणाचे घर पट्ट्यात आणि कोणाचे बाहेर, ते उरलेल्या जागेत ठरवायचे. गणित शाळकरी पोराला जमेल असे आहे, पण मी पाहिलेल्या एकाही नकाशाच्या कोपऱ्यात ते मांडलेले नाही. तिथे उत्तर दिशा असते, प्रमाण असते, रंगांची सूची असते आणि सही-शिक्का असतो.

मी तिसवाडीत सीमांकनाची कामे करणारा सर्व्हेअर. पार्टिशनची मोजणी, मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराभोवतीची जागा, हरवलेले सर्व्हे दगड शोधणे, यावर माझे पोट आहे. कोणा एका अधिकाऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही. सर्व खात्यांकडे मागणे एकच आहे: लोकांच्या जमिनीवर, घरावर, शेतावर परिणाम करणारा जो जो नकाशा तुम्ही पोर्टलवर चढवाल, त्याची अचूकता तपासा आणि तपासणीचा निकाल नकाशासोबतच जाहीर करा.

कागदावर नकाशा होता तेव्हा एक बरे होते. भिंग लावले की रेघही जाड दिसायची, आणि इथे नेमके काही सांगता येणार नाही हे अडाण्यालाही कळायचे. स्क्रीनवर तसे होत नाही. कितीही झूम करा, रेघ केसासारखी बारीकच राहते. १:२५,०००ची रेघ १:१०००च्या सर्व्हे प्लॅनवर ठेवली की ती थेट एखाद्याच्या रांदचीकूड (स्वयंपाकघर) आणि न्हाणीघर यांच्या मधून गेलेली दिसते. घरमालक माझ्याकडे धावत येतो. त्याचे न्हाणीघर बेकायदेशीर ठरते की काय, असा त्याचा प्रश्न. ती रेघ काढणाऱ्याला एवढे बारीक बोलायचेच नव्हते, हे मी त्याला कसे समजावू? अधिसूचनेत स्थानिक पातळीवरचे नकाशे १:३९६० किंवा त्याच्या जवळच्या प्रमाणात करा असे आहे, ते योग्यच आहे. पण त्यासाठी त्या प्रमाणाला साजेशी मोजणी हवी. लहान प्रमाणावरची रेघ मोठ्या कागदावर उतरवली म्हणून ती मोठ्या प्रमाणाची होत नाही.

तपासणी कशी करायची, हे कोणी नव्याने शोधायची गरज नाही. अमेरिकेच्या संघीय मानकाने १९९८पासूनच किमान २० तपासबिंदू सांगितले आहेत. तिथल्या फोटोग्रामेट्री संस्थेच्या, म्हणजे एएसपीआरएसच्या, २०२३च्या आवृत्तीने ते ३० केले. नकाशात स्पष्ट ओळखू येणारी ठिकाणे निवडायची, ती जमिनीवर त्याहून चांगल्या उपकरणाने स्वतंत्रपणे मोजायची, फरक काढायचा आणि त्यावरून आरएमएस एरर, म्हणजे फरकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, सांगायचा. डीजीपीएस यंत्र (जास्त नेमके जीपीएस) आणि दोन माणसे असली तर एका पंचायतीचे काम काही दिवसांत उरकते.

खरी मेख बिंदू कुठले निवडायचे यात आहे. पणजीत अठरा जून रस्त्याच्या चौकांत आणि इमारतींच्या कोपऱ्यांवर तीस बिंदू घेतलेत तर कुठलाही नकाशा उत्तम गुणांनी पास होईल. आकाश मोकळे, कोपरे धारदार. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावरही, तसेच. पण कुळागरात, म्हणजे बागायतीत, पोफळींच्या दाट छताखाली उभे राहिलात की जीपीएस गोंधळते. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, असे अमेरिकी सरकारच्या जीपीएस संकेतस्थळावर आहे. तीच हमी पोफळीच्या सावलीत कोणी देत नाही. त्यामुळे सड्यावर किती, कुळागरात किती, खाजनात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात) किती, डोंगरउतारावर किती, असे वेगळे आकडे हवेत. साऱ्या गोव्याची मिळून एकच सरासरी काढली तर ती पणजीपुरती खरी आणि डोंगराळ सत्तरीत खोटी ठरेल.

आणि नुसता आकडा नको, बिंदूंचा तक्ताही द्या. आरएमएस एररमध्ये चूक किती ते कळते, कुठल्या दिशेला ते कळत नाही. सगळे बिंदू एकाच दिशेने सरकलेले असतील तर दोष बहुधा डेटमचा (पृथ्वीचा जो आकार धरून मोजणी केली त्याचा) किंवा जिओरेफरन्स करताना (नकाशा जमिनीवरच्या स्थानाला जुळवताना) झालेला असतो, आणि तो एका दुपारी दुरुस्त होतो. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. हे रूपांतर विसरले तर आपल्या अक्षांशावर शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. उलट बिंदू दाही दिशांना पांगले असतील तर मूळ मोजणीच कच्ची आहे, तिला संगणकावर कितीही ओढूनताणून बसवा. हे दोन रोग वेगळे, त्यांचे उपचारही वेगळे. तक्ता समोर असला तर माझ्यासारख्यालाही ते पाच मिनिटांत ओळखता येते.

आता खाजनाकडे येतो, कारण गोव्यातले सगळे नकाशे तिथेच उघडे पडतात.

कुठल्याही जित्या खाजनाच्या बांधावर उभे राहा. एका हाताला नदी, चिखल, खारफुटी. दुसऱ्या हाताला, पाण्याच्या पातळीच्या खाली, भाताचे शेत. मध्ये मानस, म्हणजे बांधातला दरवाजा: भरती आली की पाण्याच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतले पाणी बाहेर सोडते. मानशीच्या आत पोय, पाणी साठायला. मानशीच्या तोंडाशी मासे धरायचा हक्क लिलावात जातो, म्हणजे तिला पैशातही किंमत आहे. आणि हे सारे ज्या बांधावर उभे आहे, त्याची रुंदी दोन-तीन मीटर.

सेंटिनेल-२ या फुकट मिळणाऱ्या उपग्रहचित्राचा पिक्सेल १० मीटरचा. त्यात हा बांध सापडणारच नाही. तो शेजारच्या चिखलात नाहीतर शेतात विरघळून जाईल. आणि खाजन म्हणून जे दिसेल ते चित्राच्या तारखेवर ठरेल. ऑगस्टच्या चित्रात भातशेती. पीक निघाल्यावर मासळीसाठी पाणी आत घेतले असेल, तर फेब्रुवारीत तलाव. एप्रिलमध्ये मीठ फुटलेली भेगाळ जमीन, जी संगणक बेलाशक पडीक म्हणून मोकळा होतो. तिन्ही उत्तरे त्या त्या दिवशी खरी आहेत, आणि तिन्ही मिळूनही तिथे खाजन आहे असे कोणी म्हणत नाही. २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळे कलम आहे: भरतीच्या प्रभावाखालच्या सखल खाजन जमिनींचा नकाशा करावा, त्यांत विकासकामांना परवानगी देऊ नये, वाळूच्या टेकड्यांचेही सर्वेक्षण करून नकाशे करावेत. त्या अधिसूचनेखालच्या किनारी आराखड्यासाठी २०२१ साली जनसुनावणी दोनदा घ्यावी लागली, मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये. लोक का चिडले होते ते त्या काळच्या ग्रामसभांचे ठराव वाचले की कळते. आपले वाडे, आपल्या होड्या लागायच्या जागा, आपले बांध नकाशात दिसत नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. ही चूक मीटरांत मोजता येत नाही. जे आहे ते नकाशात नसणे आणि जे नाही ते असणे, या दोन्ही गोष्टी मोजून टक्क्यांत सांगायची रीत भूमाहितीच्या गुणवत्तेच्या मानकांत आहे. आपल्याकडे मात्र ते काम संतापलेल्या लोकांवर आणि एका दिवसाच्या सुनावणीवर सोडलेले असते.

२०१९च्या अधिसूचनेने बांधाला आणखी वजन दिले आहे. १९ फेब्रुवारी १९९१पूर्वीचा बांध किंवा मानस असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. बांध नकाशातून सुटला तर रेषा शेत ओलांडून थेट गावाच्या पायथ्याशी जाते आणि पन्नास मीटरचा पट्टा घरांवर चढतो. आणि बांध नकाशात आहे, पण प्रत्यक्षात तो कधीचा फुटून आत खारफुटी वाढली असेल? त्या खारफुटीला तर अधिसूचनेने सर्वांत कडक वर्ग दिला आहे. ती नकाशात आलीच नाही तर तिथे भराव टाकायला वाट मोकळी. पहिल्या चुकीत गरीब मरतो, दुसरीत कोणाचे फावते ते मी लिहायला नको.

इथे एक गोष्ट तुमच्या तंत्रज्ञ मंडळींना कदाचित उलटी वाटेल. बांध १९९१पूर्वीचा आहे हे सिद्ध करायला आजचे उपग्रहचित्र काडीच्या उपयोगाचे नाही. कामाला येतात ते जमीन महसूल संहितेनंतर, सत्तरच्या दशकात काढलेले आपले सर्व्हे प्लॅन. कागद ताणलेला, कोपरे फाटलेले, आजच्या डीजीपीएसशी ताडले तर रेघा कित्येक ठिकाणी हललेल्या. पण त्यावर बांध आहे, मानस आहे, पोय आहे, आणि ते कधी होते याला सरकारी पुरावा आहे. जागेच्या बाबतीत कच्चा असलेला दस्तऐवज काळाच्या बाबतीत पक्का असतो. म्हणून जुने प्लॅन स्कॅन करून, रेघा नव्या मोजणीशी जुळवून घेऊन, नव्या फाईलने जुनी पुसून टाकण्याची जी रीत पडू पाहते आहे, ती आधी थांबवा. प्रत्येक आवृत्ती तारखेसह ठेवा आणि लोकांना पाहू द्या. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या स्वयंसेवकांच्या नकाशात कोणती रेघ कोणी, कधी बदलली याचा इतिहास जगातल्या कोणालाही दिसतो. सरकारी नकाशात तो दिसू नये, याला मला तरी कारण सापडत नाही. एका कार्यालयात मी विचारले, हा लेयर कुठल्या तारखेचा? उत्तर आले: ‘सर्व्हरवर आहे तो लेटेस्टच असतो.’

उंचीचे तर आणखी अवघड. पूर कुठवर येईल, समुद्र चढला तर कोणते गाव बुडेल, असे रंगीत नकाशे हल्ली कोणीही करतो. त्यातल्या बऱ्याच नकाशांच्या मुळाशी फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकी अंतराळयानाने रडारने मोजलेल्या उंच्या असतात. त्या मोहिमेचे उद्दिष्टच उंचीत १६ मीटरच्या आतली चूक, तीही दहापैकी नऊ ठिकाणी, असे होते. सपाट जागी ती त्याहून बरीच चांगली निघाली, हे खरे. पण आपल्या नद्यांत भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरच्या आसपास, आणि बांधाची उंची माणसाच्या डोक्याइतकी. शिवाय रडारला खारफुटीचा शेंडा दिसतो, खालचा चिखल दिसत नाही. अशा उंच्यांवरून खाजनाचे भविष्य सांगणाऱ्याने नकाशाखाली उंचीतली चूक किती, हे लिहिलेच पाहिजे.

डोंगराकडच्या गावांचे दुखणे वेगळे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या जुलै २०२४च्या मसुद्यात गोव्यातली १०८ गावे आहेत, १,४६१ चौरस किलोमीटर. याचा पाया घालणाऱ्या कस्तुरीरंगन समितीने २४ मीटर पिक्सेलची उपग्रहचित्रे वापरली, आणि गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील निघाला तर अख्खे गाव यादीत घेतले. घाटासाठी संरक्षण हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण उंबरठ्यावरच्या गावाचा टक्का हा नुसता जंगलाचा टक्का नसतो. गावाची सीमा कुठल्या नकाशावरून घेतली, काजूची बाग जंगलात मोजली की बागायतीत, यावर तो इकडेतिकडे होतो. १९ की २१, हे सांगताना चुकीची मर्यादाही सांगितली असती, तर सत्तरी-सांग्यातल्या माणसाला निदान वाद कशावर घालायचा ते कळले असते. आज तो वाद घालतो पर्यावरणाशी, आणि बोलायला हवे ते पिक्सेलबद्दल.

मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्य पेटले तेव्हाही हेच. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा लाल ठिपका मोबाईलवर सर्वांनी पाहिला. सुओमीसारख्या उपग्रहावरील व्हीआयआयआरएस यंत्राचा पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर काढलेला असतो. आग त्यात कुठेही असू शकते. कोणाच्या काजूच्या बागेत ठिपका पडला म्हणून आग त्यानेच लावली, असे बोट दाखवायला तो ठिपका पुरत नाही. जंगलातला गार्ड हे जाणतो, टीव्हीवर बोलणारा जाणत नाही.

रस्ते दाखवणाऱ्या खासगी ॲपबद्दल फार लिहीत नाही. २०१८ साली बागा परिसरात स्थानिकांनी पर्यटकांसाठी लावलेला ‘नकाशाने तुम्हाला फसवले’ अशा अर्थाचा फलक देशभर फिरला होता, तेवढे पुरे. टपाल खात्याच्या नव्या डिजिपिनचा (डिजिटल पत्त्याचा) चौकोन सुमारे चार मीटरचा, आणि फोनची चूक पाच मीटरची. पत्र शेजाऱ्याकडे गेले तर पोस्टमनला बोल लावू नका. करमळीला जायचे म्हणून कोणी सत्तरीतल्या ब्रह्मकरमळीला पोचला, तर तो एक दिवस फुकट घालवेल आणि देवदर्शन करून परत येईल. रुग्णवाहिकेचे तसे नाही. वाड्यांची नावे आणि वाटा नकाशात नसणे ही चैनीची तक्रार राहत नाही. मुकी हकलाय या अभ्यासकाने २०१०च्या शोधनिबंधात लंडन आणि इंग्लंडचा ओपनस्ट्रीटमॅप तिथल्या सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशाशी ताडून पाहिला. जागेतला सरासरी फरक सहा मीटरच्या आसपास निघाला, म्हणजे चांगलाच. पण गरीब वस्त्यांचा भाग मात्र अपुरा होता. इंग्लंडची ही गत, तर आपल्या धनगरवाड्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

यावर एक हरकत मला ठाऊक आहे. चहाच्या टेबलावर ती ऐकलीही आहे. चूक कबूल केली की लोक कोर्टात जातील. लोक आताही कोर्टातच आहेत. फरक इतकाच की तिथे प्रत्येक जण आपापला सर्व्हेअर आणतो, आणि न्यायाधीशांपुढे तीन प्लॅन येतात, तिघांचे कोपरे तीन ठिकाणी. ग्रामपंचायत हद्दीत मुंडकाराला ३०० चौरस मीटरपर्यंत जागा मिळते. हा चौरस प्लॉट चारी बाजूंनी अर्धा अर्धा मीटर फुगला तर सुमारे ३३६ होतो. ३६ चौरस मीटरवरून भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार यांची दुसरी पिढी बोलत नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. अर्ध्या मीटरपर्यंत हा प्लॅन बोलू शकत नाही, असे त्यावरच छापलेले असते, तर निदान मोजणी पुन्हा करून मागायचा मार्ग पहिल्या दिवशीच सुचला असता.

मासळी बाजारातल्या काट्यालासुद्धा वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. त्या शिक्क्याचा अर्थ काटा बिनचूक आहे असा नसतो. ठरलेल्या मर्यादेत चुकतो, आणि अमुक वर्षी तपासला, इतकाच असतो. तेवढेच मी नकाशासाठी मागतो आहे. केंद्राच्या फेब्रुवारी २०२१च्या भूमाहिती मार्गदर्शक तत्त्वांनी आणि २०२२च्या राष्ट्रीय धोरणाने नकाशा बनवणे भारतीय कंपन्यांना बरेच मोकळे केले. स्वामित्व योजनेखाली गोव्यात ड्रोनने वस्त्यांची मोजणी झाली, ती सेंटिमीटरांत बोलते. या नव्या, नेमक्या मोजणीशेजारी जुना अंदाजी लेयर एकाच पोर्टलवर, एकाच जाडीच्या रेघेने दाखवला जाणार असेल, तर पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायला मार्ग हवा. प्रत्येक लेयरवर बोट ठेवले की चार ओळी उघडाव्यात: मूळ मोजणी कोणत्या प्रमाणाची, कोणत्या तारखेची, किती बिंदूंवर कोणी तपासली, आणि किती मीटरपर्यंत भरवसा ठेवावा. तपासलाच नसेल तर ‘तपासलेला नाही’ असे लिहा. मराठीत आणि कोकणीत लिहा. इंग्रजीतला मेटाडेटा आमच्या पंचायतीत कोणी उघडत नाही.

तपासणी करणारा नकाशा बनवणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. गोव्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे. आणि काय सुटले ते सांगायला ग्रामसभेसारखी दुसरी यंत्रणा नाही, मात्र तिला सुनावणीच्या आदल्या दिवशी पीडीएफ देऊन भागणार नाही. नकाशा छापून पंचायतीच्या भिंतीवर महिनाभर लावा, शेजारी वही ठेवा.

सुरुवात करायची असेल तर तिसवाडीतले एक खाजन घ्या. पावसाळ्यात नको, बांध निसरडे असतात आणि पाण्याने मूळ रेषा कळत नाही. भात कापून झाले की, अमावस्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवशी या. मानशी कुठे कुठे आहेत, कुठली कधी फुटली आणि कोणी बांधली, हे तिथल्या कुळांना तोंडपाठ आहे. यंत्र मी माझे आणतो. पेट्रोल तुमचे.

आपला,
तिसवाडीतला एक सर्व्हेअर